वहिनी आणि वाहिनी

डोंबिवलीला दादाकडे गेले की एके काळी दारातच समजायचे, आज शेअरबाजार चढला आहे की घसरला आहे. चढला असेल तर दादा स्वतः उठून दार उघडायचा, 'ये, ये, बैस' म्हणायचा आणि आत वळून चहा टाकायला सांगायचा. घसरला असेल तर दार वहिनी उघडायच्या आणि तोंडाने काही न बोलता डोळ्यांनीच बैठकीच्या खोलीकडे खूण करायच्या. म्हणजे, भाऊजी, आज जरा जपून!

हे २००१ सालापासूनचे. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी त्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि देशभरातल्या एक लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी ती घेतली. त्यांत आमचा दादाही होता. अठ्ठावीस वर्षे सकाळची ठरलेली लोकल पकडणारा माणूस एकाएकी घरी बसला. हातात आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम आणि समोर रिकामा दिवस. दोन्हींची सोय एकाच वस्तूने लावली. कोपऱ्यातला टीव्ही सकाळी साडेनऊलाच सुरू होऊ लागला. बाजार तेव्हा ९.५५ला उघडे आणि साडेतीनला बंद होई. तोवर दादा खुर्ची सोडायचा नाही. पडद्याच्या तळाशी भावांची पट्टी सरकत राहायची, हिरवे आकडे, तांबडे आकडे, आणि वर इंग्रजीत भराभर बोलणारी तरुण मुले-मुली. 'इतके दिवस घरात वहिनी होती, आता वाहिनीही आली. एका कान्याचा काय तो फरक,' मी गमतीने म्हणालो होतो. वहिनीही हसल्या होत्या. त्या कान्याची किंमत आम्हाला सात वर्षांनी कळली.

दादाच्या घरातली ती वाहिनी म्हणजे सीएनबीसी टीव्ही-१८. तिला आता पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. आपल्याकडे वाहिन्यांवर लिहायचे म्हणजे एक तर आरती ओवाळायची, नाही तर लाखोली वाहायची, अशी पद्धत आहे. मला दोन्ही करायचे नाही. या वाहिनीने केलेले काम मोठे आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. आणि तरीही आमच्या घराला तिच्यासमोर बसून जो फटका बसला, तो का बसला, हे मला समजून घ्यायचे आहे. कारण असा दादा बहुतेक प्रत्येक घरात एखादा असतो.

आधी ती येण्यापूर्वीचे दिवस आठवून पाहा. आमच्या लहानपणी चाळीत एका गृहस्थांकडे शेअर होते. त्या कागदांची भेंडोळी ते पत्र्याच्या पेटीत ठेवीत आणि भाव पाहायचे तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर भिंग फिरवीत. दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात दलाल हातवारे करीत, ओरडत सौदे करायचे. आपला सौदा नेमका कोणत्या भावाला झाला, हे दलाल सांगेल तेच खरे. खरेदी केली की ती दिवसातल्या चढ्या भावाला झालेली असायची आणि विक्री केली की उतरत्या भावाला, हा त्या काळातला सर्रास अनुभव. बाजाराची खबर ज्याच्याकडे आधी, त्याचा फायदा. सामान्य माणसाकडे ती सगळ्यांत शेवटी पोचे. १९९२च्या एप्रिलमध्ये सुचेता दलाल यांनी हर्षद मेहता प्रकरण वर्तमानपत्रातून बाहेर काढले, तेव्हा तर कितीजणांना आपण कुठल्या खेळात होतो हेच प्रथम कळले.

त्या घोटाळ्यानंतरच्या चार-पाच वर्षांत बाजाराची सगळी यंत्रणा बदलली. 'सेबी'चे अधिकार वाढले. नोव्हेंबर १९९४मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात पडद्यावरून शेअरचे सौदे सुरू झाले. मार्च १९९५मध्ये मुंबई शेअरबाजारानेही तोच मार्ग धरला आणि रिंगणातला गलका शांत झाला. १९९६मध्ये डिपॉझिटरीचा कायदा आला, कागदाची भेंडोळी हळूहळू खात्यातल्या नोंदी झाल्या. भाव आता पडद्यावर दिसू लागला. पण तो पडदा अजून दलालाच्या कचेरीत होता. तो आपल्या बैठकीच्या खोलीत आणला तो या वाहिनीने, डिसेंबर १९९९मध्ये.

मूळ सीएनबीसी अमेरिकेतली. एप्रिल १९८९मध्ये ती सुरू झाली आणि दोनच वर्षांत तिने आपली जुनी प्रतिस्पर्धी एफएनएन ही वाहिनी विकत घेतली. १९९५मध्ये मारिया बार्टिरोमो ही तिची वार्ताहर न्यूयॉर्क शेअरबाजाराच्या ऐन फडावर उभी राहून, दलालांचे धक्के खात, थेट बातम्या देऊ लागली आणि तिकडच्या प्रेक्षकांना ते मोठे अप्रूप वाटले. आपल्याकडे गंमत उलटी. इथे वाहिनी आली तेव्हा फड केव्हाच ओस पडला होता. दाखवायला गर्दी नव्हती, आकडे तेवढे होते. त्यामुळे आकड्यांना बोलते करणारी माणसे लागणार होती.

ती माणसे राघव बहल यांच्या टीव्ही-१८ने गोळा केली. १९९३मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी दुसऱ्या वाहिन्यांसाठी कार्यक्रम बनवीत असे. सीएनबीसीशी भागीदारी करून तिने स्वतःची वाहिनी काढली आणि मुहूर्तही असा लागला की, दोन-अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी २००० मध्ये, संगणक कंपन्यांच्या तेजीवर सेन्सेक्स सहा हजारांच्या वर जाऊन आला. मग केतन पारेख प्रकरण झाले, युनिट ट्रस्टच्या 'यूएस-६४'ची विक्री-खरेदी जुलै २००१मध्ये बंद पडली आणि मध्यमवर्गाच्या तोंडचे पाणी पळाले. एखादी वाहिनी त्यातच बुडाली असती. हिला मात्र त्या पडझडीनेही प्रेक्षक मिळवून दिले. कारण पैसे अडकलेल्या माणसाला बातमीची भूक जास्तच लागते.

उदयन मुखर्जी हा तिचा पहिल्या काळातला चेहरा. बाजार उधळलेला असताना शांत बोलणारा हा माणूस दादाला घरच्यासारखा वाटे. (पुढे ते बाजार सोडून कादंबरी लिहायला लागले, हे कळल्यावर दादा दोन दिवस हळहळत होता.) रिझर्व्ह बँकेच्या धोरणातली अवघड वाक्ये लता वेंकटेश उलगडून सांगत. शिरीन भान यांनी 'यंग टर्क्स'मधून नव्याने धंदा काढणाऱ्या पोरांना पडद्यावर आणले, तेही 'स्टार्टअप' हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी. २०१३मध्ये त्या वाहिनीच्या व्यवस्थापकीय संपादक झाल्या. जाहिरातींच्या जगावर 'स्टोरीबोर्ड', कंपनी कायद्यावर 'द फर्म' असे कार्यक्रम निघाले. कंपनी कायद्यावर कार्यक्रम आणि तो लोक बघतात, हे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते.

पाहता पाहता गोतावळा वाढला. जानेवारी २००५मध्ये हिंदीत 'आवाज' आली. त्याच सुमारास झी बिझनेस आणि एनडीटीव्ही प्रॉफिट निघाल्या, २००९मध्ये ईटी नाऊ. २०१४मध्ये गुजरातीत 'सीएनबीसी बाजार' आली. याच घराण्याने मराठीत वाहिनी काढली ती २००८मध्ये, लोकमतच्या भागीदारीत, पण ती सर्वसाधारण बातम्यांची. गुजराती माणसाला बाजार आणि मराठी माणसाला राजकारण! वाटणी करणाऱ्याने प्रेक्षक नीट ओळखले होते, असे म्हणून हसावे की दलाल स्ट्रीट आपल्याच मुंबईत आहे हे आठवून गप्प बसावे, मला कळत नाही.

पण माझ्या मते या वाहिनीचे खरे यश वेगळेच आहे. तिने कंपन्यांच्या मालकांना आणि मोठ्या अधिकाऱ्यांना उत्तरे द्यायची सवय लावली. पूर्वी कंपनीचा अध्यक्ष भागधारकांना वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेत दिसायचा. तिथे चहा-वेफर्सची चर्चाच जास्त व्हायची. आता तिमाही निकाल लागले की त्याच दिवशी कंपनीचा प्रमुख कॅमेऱ्यासमोर बसतो आणि पंचविशी-तिशीतली वार्ताहर त्याला विचारते, 'विक्री वाढली, मग नफा का घटला?' तो अडखळला तर ते देश बघतो. उत्तर मोठ्या गुंतवणूकदाराला ज्या क्षणी कळते, त्याच क्षणी डोंबिवलीच्या निवृत्त कारकुनालाही कळते. ही समता लहान नाही.

१७ मे २००४चा सोमवार आठवतो. निवडणुकीचे अनपेक्षित निकाल लागले होते, नवे सरकार कसे बनणार याचा पत्ता नव्हता. सेन्सेक्स दिवसभरात एका क्षणी ८४२ अंकांनी कोसळला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. त्या दिवशी अफवांच्या गदारोळात निदान काय घडते आहे हे सर्वांना एकाच वेळी कळत होते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंचे कबुलीपत्र बाहेर आले, तेव्हाही तसेच. वर्षानुवर्षे फुगवलेले आकडे, खात्यात नसलेले हजारो कोटी, हे सारे बातमी देणाऱ्यांनी आणि आपण एकत्रच ऐकले. एका दिवसात त्या शेअरची पाऊण किंमत उडाली. पण इथेच वाहिनीची मर्यादाही उघडी पडली. राजू दर तिमाहीला आकडे देत होते, तेच आकडे पडद्यावर सरकत होते. पट्टी भाव खरा दाखवते. भावामागची वही खरी आहे की खोटी, हे पट्टीला दिसत नाही.

आता आमच्या घराची गोष्ट. २००३मध्ये तीन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स जानेवारी २००८मध्ये एकवीस हजारांच्या पुढे गेला. या पाच वर्षांत ज्याने जे घेतले ते वाढले. दादाचेही वाढले. रात्री जेवताना तो सांगायचा, 'आज चार हजार झाले.' वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. त्या वाढता वाढता थांबून विचारायच्या, 'झाले म्हणजे आले का?' दादा चिडायचा. 'तुला यातले कळत नाही,' म्हणायचा. त्याला वाटे, आपल्याला मात्र कळते. रोज सहा तास तज्ज्ञांचे ऐकून त्यांचे शब्द त्याच्या तोंडी बसले होते. मग त्याने दलालाकडून उधारीवर शेअर घ्यायला सुरुवात केली. स्वतःचा एक रुपया, दलालाचे तीन.

२१ जानेवारी २००८, सोमवार. सेन्सेक्स १४०८ अंकांनी घसरला. संध्याकाळी दलालाच्या कचेरीतून फोन आला, सकाळपर्यंत पैसे भरा. मंगळवारी बाजार उघडताच दहा टक्क्यांहून जास्त आपटला आणि तासभर बंद ठेवावा लागला. पुन्हा सुरू झाला तेव्हा दलालाने आपले पैसे सोडवून घेण्यासाठी दादाचे शेअर मिळेल त्या भावाला विकून टाकले. मी दुपारी पोचलो. टीव्ही चालू होता, आवाज बंद. दादा नेहमीच्या खुर्चीत होता. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतले रुपयाला बारा आणे गेले होते. पुतणीचे कॉलेजचे शेवटचे वर्ष होते.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, 'तिने मला एकही आकडा खोटा सांगितला नाही रे. सगळे भाव बरोबर होते.'

हे वाक्य मी इतकी वर्षे मनात घोळवतो आहे. बातमी पूर्वी उशिरा मिळायची म्हणून सामान्य माणूस फसायचा, असे आपण समजत होतो. वाहिनीने तो उशीर संपवला. तरीही दादा बुडाला, कारण बातमी एकाच वेळी मिळाली म्हणून ताकद सारखी होत नाही. मोठ्या गुंतवणूकदाराकडे पडत्या काळात थांबायला पैसा असतो. दादाकडे उधारी होती. आणि दुसरे असे, की दिवसभर चालणाऱ्या वाहिनीला दिवसभर काहीतरी सांगावे लागते. कंपनीचा धंदा वर्षा-दोन वर्षांत बदलतो, भाव मात्र मिनिटाला बदलतो. साहजिकच बोलणे भावाचे होते. ऐकणाऱ्याला वाटू लागते, आपणही मिनिटाला काहीतरी केले पाहिजे. खुर्चीत बसून काहीच न करणे हे दादासारख्या कामसू माणसाला जमण्यासारखे नव्हते.

अमेरिकेतही हा प्रश्न विचारला गेला. २००८च्या कोसळणीनंतर, मार्च २००९मध्ये, जॉन स्ट्युअर्ट या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रधाराने सीएनबीसीवरच्या जिम क्रेमर यांना समोर बसवून, तुम्ही लोकांना सावध का केले नाही, असे खडसावले. राजाला खरे सांगायचे काम विदूषकाकडे असते, तसेच हे झाले. आपल्याकडे 'सेबी'ने २०१४मध्ये नियम केले. पडद्यावरून शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाने नोंदणी करावी, आपले हितसंबंध उघड करावेत. तरी मोह सुटत नाही. हिंदी 'आवाज'वरच्या एका कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाविरुद्ध जानेवारी २०२१मध्ये 'सेबी'ने आदेश काढला. कार्यक्रमात सुचवले जाणारे शेअर घरच्यांच्या खात्यांतून आधीच घेतले जात होते, असा ठपका होता. वाहिनीने त्याला काढून टाकले. २०२४च्या फेब्रुवारीत झी बिझनेसवरच्या काही पाहुण्या तज्ज्ञांच्या बाबतीत तशाच प्रकारचा आदेश निघाला. हजारो चांगल्या कार्यक्रमांत ही मोजकी उदाहरणे आहेत, हे खरे. पण ती पाहुण्याचा सल्ला ऐकून फोन उचलणाऱ्याच्या लक्षात असायला हवीत.

मालकीचीही गोष्ट लक्षात ठेवावी. २०१४मध्ये नेटवर्क-१८ हा सगळा समूह रिलायन्सच्या ताब्यात गेला आणि बहल बाहेर पडले. पुढे एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली. देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांच्या बातम्या त्याच उद्योगांच्या वाहिन्यांनी द्यायच्या, असा हा योग आहे. म्हणून वार्ताहरांवर अविश्वास दाखवावा असे मी म्हणत नाही. घरात कुंडली बघतात तशी वाहिनीची मालकी एकदा बघून ठेवावी, इतकेच.

आणि आता तर पडदा खिशात आला आहे. मार्च २०२४मध्ये देशातली डीमॅट खाती पंधरा कोटींवर गेली. दादाला दलालाला फोन तरी करावा लागे; आजच्या मुलाला अंगठा हलवला की पुरे. 'सेबी'नेच सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, वायद्यांचे आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांना आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाल्याचे आढळले. एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. यांतली बहुतेक मुले माहितीच्या बाबतीत दादापेक्षा शंभरपट श्रीमंत आहेत. माहिती कमी पडली म्हणून ती हरलेली नाहीत.

आमचे घर सावरले ते वहिनींच्या पगारावर आणि त्यांनी पोस्टात मासिक प्राप्ती योजनेत ठेवलेल्या पैशांवर. ते खाते त्यांनी दादाच्या तेजीच्या काळात, त्याची थट्टा सहन करून, हट्टाने ठेवले होते. पुतणी शिकली, पुण्याला नोकरीला लागली. तीही बाजारात पैसे गुंतवते, पण महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात जाते आणि ती वर्षातून दोनदा हिशेब बघते. 'काका, रोज बघितले की हात शिवशिवतो,' असे ती मला म्हणाली. वडिलांकडून मिळालेला हा वारसाच म्हणायचा.

मग वाहिनी बंद करायची का? मुळीच नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी, रिझर्व्ह बँकेचे धोरण आल्यावर, एखाद्या कंपनीच्या प्रमुखाची मुलाखत असताना मी आवर्जून बघतो. त्यातून देश कसा चालतो ते कळते. पण शक्यतो बाजार बंद झाल्यावर बघतो आणि ऐकलेल्या गोष्टीवर त्याच दिवशी पैसे लावत नाही. घरात चार माणसे असतील तर गुंतवणुकीचे टीव्ही बंद करून, जेवणाच्या ताटावर, मोठ्याने बोलावे. ज्याला 'यातले कळत नाही' त्यालाही बोलू द्यावे.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला गेलो होतो. दादा आता पंचाहत्तरीत आहे. संध्याकाळी तासभर तो अजूनही वाहिनी लावतो, आवाज मात्र चालू ठेवून. थोडे शेअर पुन्हा घेतले आहेत, उधारीचा एकही नाही. मी गेलो तेव्हा बातमी चालू होती, आज गुंतवणूकदारांच्या संपत्तीत इतक्या लाख कोटींची भर. दादा खुशीत म्हणाला, 'बघ, आपलेही बारा हजार झाले.'

वहिनी आतून ताटे घेऊन येत होत्या. त्या काही विचारणार, तोच दादाने हात वर केला. 'आले नाहीत,' तो म्हणाला, 'नुसते झाले आहेत. ठाऊक आहे मला. वाढ आता.'